घोरण्यावरचे इंजेक्शन आणि न झालेली तपासणी

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांच्या बातम्या आल्यापासून रुग्ण एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत : ‘डॉक्टर, हे घेतले तर घोरणे थांबेल का?’ प्रश्न अगदीच हवेतला नाही. टिर्झेपेटाइड या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४मध्ये लठ्ठ व्यक्तींमधील मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मान्यता दिली. थेट या आजारासाठी मान्यता मिळालेले ते पहिलेच औषध. मार्च २०२५मध्ये ते मधुमेह आणि लठ्ठपणासाठी भारतातही आले. मात्र उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात खरी अडचण औषधाची नाही, निदानाची आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या घशातील वाट इतकी आवळते की श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडतो, रक्तातील ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो. तासाला पाच ते पंधरा वेळा असे झाले तर आजार सौम्य, पंधरा ते तीस वेळा झाले तर मध्यम आणि त्यापुढे तीव्र. सकाळी रुग्णाला यातले काहीच आठवत नाही. वाढता रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके आणि पक्षाघात यांचा धोका मात्र वाढत राहतो. फेब्रुवारी २०२२मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून याच आजाराचे नाव घेतले होते.

आजार दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी ३५ ते ६५ वयाच्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या पुरुषांची पाहणी केली होती. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साडेसात टक्के पुरुषांना लक्षणांसह हा आजार आढळला. आपल्याकडे तो लपतो, कारण दिवसा झोप येण्याला इथे प्रत्येकाजवळ कारण तयार असते. पहाटेची बदलापूर लोकल, एमआयडीसीतील रात्रपाळी, उशिरापर्यंत उघडे दुकान. डब्यात बसल्या बसल्या सगळेच डुलक्या घेतात. त्यात आजारी कोण, हे ओळखणार कसे? रिक्षा, ट्रक किंवा टँकर चालवणाऱ्याची डुलकी तर इतरांच्याही जिवावर बेतू शकते.

उपचार मात्र आहेत आणि ते आजाराच्या तीव्रतेवर व घशाच्या रचनेवर ठरतात. मध्यम आणि तीव्र आजारात आजही पहिली निवड सीपॅप यंत्राची. मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन ते घसा उघडा ठेवते. १९८१मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेली ही पद्धत वापरली तर पहिल्या रात्रीपासून काम करते. अडचण वापरण्यातच आहे. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सीपॅपने हृदयविकाराचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. पण त्या रुग्णांनी यंत्र रात्रीतून सरासरी जेमतेम सव्वातीन तास लावले होते. झोप आणि दिवसाची तरतरी मात्र त्यांचीही सुधारली. मास्क टोचतो, नाक कोरडे पडते, पावसाळ्यात वीज जाते आणि तीस-चाळीस हजारांचे यंत्र कपाटावर जाते. पहिल्या पंधरवड्यात मास्क बदलून देणारे, दाब तपासणारे कोणी असेल, तर यातील बरीच यंत्रे वापरात राहतील.

सौम्य आणि मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारी, दंतवैद्याकडून मापाने बनवलेली पट्टी उपयोगी पडते. उताणे झोपल्यावरच त्रास होत असेल, तर कुशीवर झोपण्याने फरक पडतो. रात्रीची दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या आजार वाढवतात. शस्त्रक्रिया निवडक रुग्णांसाठी. घोरणाऱ्या लहान मुलांत मात्र वाढलेले टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढणे हाच बहुधा मुख्य उपचार.

आता इंजेक्शन. वर्षभराच्या चाचणीत सीपॅप न वापरणाऱ्या लठ्ठ रुग्णांचे श्वास अडण्याचे प्रमाण तासाला सरासरी पंचवीसने घटले. औषधाविना घट पाचच्या आसपास होती. फायदा मोठा आहे, पण तो महिन्यांनी दिसतो, औषध थांबवले की वजन परत येऊ लागते आणि खर्च दरमहा हजारांत आहे. शिवाय आपल्याकडे लहान जबड्यामुळे सडपातळ माणसांनाही हा आजार होतो. त्यांना या इंजेक्शनाचा उपयोग नाही. म्हणून आधी तपासणी, मग औषध.

तपासणी हवी म्हटले की इथला रुग्ण सहसा खासगी केंद्राकडे किंवा मुंबईकडे निघतो. अनेक जण निघतच नाहीत. केंद्र सरकारच्या कर्मचारी आरोग्य योजनेत सीपॅपचा खर्च परत मिळतो. महात्मा फुले योजना मात्र प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांसाठी आहे. घरी वर्षानुवर्षे लागणारे यंत्र त्या चौकटीत बसत नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा वैद्यकीय महाविद्यालयांत अंबरनाथही आहे. तिथे छातीरोग, कान-नाक-घसा आणि दंत विभागांनी मिळून आठवड्यातून एक दिवस झोपेची ओपीडी चालवावी. घरी नेऊन रात्रभर लावता येणारी चाचणी-यंत्रे आणि एक प्रशिक्षित तंत्रज्ञ एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. तिन्ही शहरांची ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी.

तोवर घरच्यांनी लक्ष ठेवावे. घोरता घोरता आवाज बंद पडून माणूस दचकतो का? सकाळी डोके दुखते का? दोन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही का? मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. निदानाच्या वाटेवर त्याची मोठी मदत होते.