कानाचा व्यासंग

साहित्याच्या अध्यापकवर्गात एक समजूत दृढ आहे. विचार करावा तो बसून, पुस्तकात मान घालून. टेकडी चढताना वा ट्रेडमिलवर चालताना कुणी कानाला इअरफोन लावून एखाद्या ग्रंथावरची चर्चा ऐकत असेल, तर तो व्यासंग नव्हे, फावल्या वेळचा विरंगुळा! ही समजूत आम्हांस मान्य नाही. ती चुकीची तर आहेच, शिवाय घातकही आहे.

आपल्या भाषेने विद्वानाला 'बहुश्रुत' म्हटले, हे विसरून कसे चालेल? श्रवण, मनन, निदिध्यास या क्रमात पहिली पायरी श्रवणाचीच. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झालेले 'गीतरामायण' कानांसाठीच रचलेले होते. त्याच्या श्रवणाला दुय्यम म्हणण्यास हे आक्षेपकही धजणार नाहीत.

चालताना लक्ष दुभंगते, असा एक आक्षेप आहे. तो व्यायामाच्या प्रकारावर अवलंबून आहे. जोर-बैठका मोजताना एकतर आकडा चुकतो किंवा युक्तिवाद निसटतो, हे खरे. पण संथ, एका लयीतले चालणे बुद्धीकडे काहीच मागत नाही. शिवाय चालणाऱ्याचा मोबाईल खिशात असतो. खोलीत पुस्तक उघडून बसलेल्या किती जणांविषयी आज असे म्हणता येईल?

मात्र काय ऐकावे, याबाबत आम्ही आग्रही आहोत. बीबीसी रेडिओ ४ वरील 'इन अवर टाइम' ही मालिका १९९८ साली सुरू झाली आणि २०२५ पर्यंत मेल्विन ब्रॅग यांनी ती चालवली. एक विषय, तीन अभ्यासक आणि जेमतेम पाऊण तास. म्हणजे सकाळचा एक फेरफटका. 'मिडलमार्च' किंवा 'द वेस्ट लँड' यांवरचे भाग ऐकावेत. जाणकार माणसे परस्परांना न खोडता मतभेद कसे मांडतात, याचा तो वस्तुपाठच आहे. बीबीसीचीच 'रीथ व्याख्याने' १९४८ मध्ये बर्ट्रंड रसेल यांच्यापासून सुरू झाली. त्यांतली एडवर्ड सैद यांची बुद्धिवंतांच्या भूमिकेविषयीची (१९९३) आणि हिलरी मँटेल यांची ऐतिहासिक कादंबरीविषयीची (२०१७) व्याख्याने साहित्याच्या विद्यार्थ्याने चुकवू नयेत. कॅनडाच्या सीबीसी नभोवाणीवर १९६२ साली नॉर्थ्रप फ्राय यांनी दिलेली 'द एज्युकेटेड इमॅजिनेशन' ही सहा मॅसी व्याख्याने तर साहित्य कशासाठी शिकवायचे, हाच प्रश्न विचारतात. आपल्या विभागांत तो हल्ली कुणी विचारतो काय?

येथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. दुप्पट वेगाने ऐकून 'आठवड्यात दहा भाग संपवले' असे सांगणारे श्रोते श्रवणाचाही व्यायामच करतात. फक्त मोजमाप उरते. वक्त्याचा क्षणभर थांबण्याचा अवकाश हाही विचाराचाच भाग असतो. तो गाळून ऐकणे म्हणजे कवितेतल्या ओळी सलग गद्यासारख्या छापणे होय. आणि ऐकणे हा वाचनाला पर्याय आहे, असेही आम्ही म्हणत नाही. फ्राय ऐकून झाल्यावर ते पुस्तकरूपात वाचावेत. मग कान आणि डोळा यांना तोच युक्तिवाद किती वेगळा भासतो, हे ध्यानी येईल.

प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. विद्यार्थ्यांचे कान रिकामे नाहीत. यशाचे सात मंत्र सांगणारे आणि झटपट श्रीमंतीचे मार्ग दाखवणारे आवाज तेथे केव्हाच वस्तीला आले आहेत. आपण नाक मुरडत बसलो, म्हणून ते निघून जाणार नाहीत. साहित्यविचाराने ही जागा 'हलकी' म्हणून सोडली, तर ती दुसऱ्याच्या नावावर चढणार, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येक अभ्यासक्रमात वाचनसूचीशेजारी श्रवणसूचीही असावी आणि अध्यापकांनी ती आधी स्वतः ऐकावी. आणि त्याहून अवघड म्हणजे, चालणाऱ्या माणसाला ऐकत राहावेसे वाटेल अशा मराठीत आपल्याला बोलता येते का, हे एकदा तपासून पाहावे. वर्गातला श्रोता हजेरीसाठी बसून राहतो. रस्त्यावरचा श्रोता कंटाळला की पहिल्याच वळणावर आपल्याला बंद करतो. त्या परीक्षेला बसण्याची आपली तयारी आहे काय?