सही मुख्याध्यापकांची हवी

सहलीची तारीख ठरली की शाळेत आधी हमीपत्रं छापून येतात. ‘काही बरंवाईट झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’ खाली पालकांची सही. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, बरीच वर्षं एसटी ठरवून मुलांना कोकणात नेतोय. या कागदाची मला चीड येते.

१ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातले १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटली. १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं क्षमतेपेक्षा जास्त आणि जॅकेट मोजक्यांच्याच अंगावर.

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. आमचं वेळापत्रक मात्र गेल्या वर्षीचंच: ‘दुपारी ४ – समुद्रस्नान’. त्या दिवशी चारला पाणी ओसरत असेल तर? ओहोटीची ओढ पोहणाऱ्यालाही आत नेते. म्हणून मी किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या कोळ्याला आधी गाठतो. तो ‘आज नको, मास्तर’ म्हणाला की पोरांनी कितीही तोंडं पाडली तरी वाळूत कबड्डी. सहलीची मजा घालवली म्हणून सहकारी कुरकुरतात. कुरकुरू देत.

हमीपत्र हवंच असेल तर ते शाळेने पालकांना द्यावं. पाण्याजवळ कोणता शिक्षक उभा राहणार, त्याला पोहता येतं का, बोट किती जणांची, जवळचा दवाखाना कुठे, सगळं लिहून. आणि खाली सही मुख्याध्यापकांची.