भंगार आणि वारसा यांच्यामधली पस्तीस वर्षे

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी अधिकृतपणे निवृत्त झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने तिचा शेवट आधीच ठरलेला होता. त्या सुमारास वृत्तपत्रांतून हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ लेखन प्रसिद्ध झाले. मात्र टॅक्सी नसलेल्या, घरगुती वापरातल्या आणि आज गावोगाव गोठ्यांत, पत्र्याच्या शेडखाली धूळ खात उभ्या असलेल्या त्याच जातीच्या गाड्यांचे काय होणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. वरवर पाहता तो चार हौशी लोकांचा प्रश्न वाटेल. वस्तुतः तो बाजाराचा, कायद्याचा आणि कारागिरीचा प्रश्न आहे; म्हणून अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्याविषयी लिहिण्यास हरकत नसावी.

या गाड्यांत जपण्यासारखे काय आहे? सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने ‘११००’ गाडी तयार होऊ लागली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, येथे उत्पादन न करता केवळ सुटे भाग जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारने दार बंद केले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपली जुळणी आवरती घेतली. त्यानंतर तीन दशके देशाच्या वाट्याला मुख्यतः तीन कारखान्यांच्या मोटारी आल्या. नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्याला थांबणे शक्य नसे तो नव्या गाडीच्या किमतीहून अधिक पैसे मोजून वापरलेली गाडी घेई. किमतींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१ साली न्यायालयाला मोटारीची वाजवी किंमत कोणती, याचा निवाडा करावा लागला. नियंत्रित किंमत, टंचाई, वरचा भाव हे शब्द आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो. त्या शब्दांचा हाती धरता येईल असा पुरावा कोठे असेल, तर तो या गाडीत आहे.

शिक्षक आणि कारकून यांच्या घरी त्या काळी मोटार नव्हतीच. आपल्याच जिल्ह्यात, नगरच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ साली लुना बाजारात आणली आणि अनेक घरांत पहिले इंजिन आले ते तिच्या रूपाने. तालुक्याच्या गावी मोटार असे ती डॉक्टरांकडे, ठेकेदाराकडे, साखर कारखान्याच्या पदाधिकाऱ्यांकडे. ती कोणाच्या दारात उभी आहे, यावरून त्या घरी कोण आजारी आहे किंवा कोणाचे लग्न ठरते आहे, हे गावाला कळत असे. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, टंचाई संपली आणि या गाड्या हळूहळू अंगणातून गोठ्यात गेल्या.

जुनी गाडी दुरुस्तीसाठी शोधायची तर कोठे? मुंबई-कोकणात समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा लवकर खाल्ला जातो. पद्मिनीला स्वतंत्र चौकट नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा आहे. तो गंजला की इंजिन कितीही उत्तम असो, गाडी गेली. या दृष्टीने पाथर्डी, शेवगाव, आष्टी हा अवर्षणाचा टापू भाग्यवान ठरतो. दुष्काळाने येथल्या माणसांचे हाल केले. पत्र्याचे मात्र रक्षण केले. येथल्या शेडमध्ये वीस वर्षे उभी असलेली गाडी सागरकिनारी पाच वर्षे उभ्या असलेल्या गाडीपेक्षा धडधाकट निघू शकते.

गाडी सापडल्यावर ती पारखायची कशी, हा पुढचा प्रश्न. आपल्या तालुक्यात मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा मोठा बाजार भरतो. तेथे मुरलेला गिऱ्हाईक विकणाऱ्याच्या बोलण्याकडे लक्ष न देता प्रथम जनावराचे तोंड उघडून दात पाहतो. वय सांगण्यात माणूस खोटे बोलेल, दात बोलणार नाहीत. वापरलेल्या मोटारीला दात नसतात, हीच सारी अडचण आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या याच अडचणीवर एक निबंध लिहिला आणि २००१ साली त्याला अन्य दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत वाईट निघालेल्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. आपण गाडीला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू बांधतो, त्यांच्याकडे गाडीच लिंबू निघते! अकेरलॉफचे म्हणणे थोडक्यात असे: गाडीतला दोष विकणाऱ्यास ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना कमी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, ती बाजारातून निघून जाते आणि मागे खराब मालच उरतो.

यावर उपाय म्हणजे दात शोधणे. लहानसा लोहचुंबक खिशात न्यावा आणि दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी व पायऱ्यांवरून फिरवावा. जेथे तो चिकटत नाही तेथे पत्र्याच्या जागी रंगाखाली लांबी भरलेली आहे. पायाखालचे मॅट उचलून तळाचा पत्रा पाहावा, जॅक लावण्याच्या जागा दाबून पाहाव्यात. बरीच वर्षे बंद असलेले इंजिन बॅटरी जोडून लगेच फिरवू नये. प्लग काढून त्या भोकांतून थोडे ऑइल सोडावे आणि एखाद-दोन दिवसांनी हाताने फिरते का ते पाहावे. इंजिन नव्याने बांधता येते, त्याचे जाणकार अजून आहेत. पण दिव्यांच्या काचा, निकेलच्या पट्ट्या, नावाच्या पाट्या, खिडक्यांच्या मुठी या बारीकसारीक वस्तूंसाठी कुर्ल्याच्या जुन्या बाजारात चकरा माराव्या लागतात. म्हणून चकचकीत पण अपुऱ्या गाडीपेक्षा मळकी पण संपूर्ण गाडी नेहमी स्वस्त पडते. आणखी एक खर्च अलीकडचा आहे. आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधील वायसर त्यासाठी बनलेले नाहीत, ते बदलावे लागतात. आपल्याच तालुक्यातील माणसांनी तोडलेल्या उसाचा रस शेवटी आपल्या जुन्या गाडीच्या नळ्यांत असा येऊन पोचतो.

खरेदीची किंमत हा एकूण खर्चाचा लहान भाग आहे, हेही ध्यानात ठेवावे. पत्रेकाम, रंग, इंजिन, वायरिंग यांना मूळ किमतीच्या कित्येक पट पैसे लागतात आणि अर्ध्यावर सोडलेल्या गाडीला कोणी विचारत नाही. ‘एवढे घातलेच आहेत, आणखी थोडे घालू’ हा मोह आवरण्यासाठी खर्चाची मर्यादा गाडी घेण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावी. बुडालेला खर्च पुढच्या निर्णयात धरू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. स्वतः पाळणे मात्र कठीण जाते.

एवढे ज्ञान पदरी बांधून प्रस्तुत लेखक तिसगावजवळच्या एका वस्तीवर गेला होता. १९८४ सालची पद्मिनी, मालक दिवंगत, गाडी वीस वर्षे शेडमध्ये. चुंबक सर्वत्र चिकटला. चारही काचा शाबूत. बरोबर आलेल्या वयोवृद्ध मिस्त्रींनी बॉनेटखाली डोके घालून, ‘ही होईल’ एवढेच सांगितले. चाळीस हजारांवर सौदा ठरला. मग कागद निघाले. नोंदणी वडिलांच्या नावावर. वारस चार, चार गावी. कायद्यानुसार आधी नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी, मग २९ आणि ३० हे नमुने भरून आमच्या नावावर. पण नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते आणि जी गाडी चालतच नाही ती तपासणीला न्यायची कशी? आधी दुरुस्ती करावी तर गाडी आपली नाही, आधी आपली करावी तर दुरुस्त नाही. या फेऱ्यात चार महिने गेले. दरम्यान कांदा आला, शेड रिकामी हवी झाली आणि एके दिवशी सुमारे नऊशे किलोंची ती गाडी चोवीस हजारांना वजनावर गेली. आम्ही पोचलो तेव्हा गॅसकटरने दरवाजे वेगळे झाले होते. मुलांचा राग आला नाही. त्यांच्या जागी असतो तर कांदा आम्हीही आधी झाकला असता. गंमत अशी की तिची नोंदणी कोणी रद्द केलेली नाही. कागदोपत्री ती गाडी अजून आहे.

कायद्याने जुन्या गाड्यांची दखल घेतलेलीच नाही असे नव्हे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, ‘व्हीए’ ही खास मालिका, आधी नोंदलेल्या गाडीस जुना क्रमांक ठेवण्याची मुभा, आणि अट अशी की चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा व गाडी प्रदर्शन, संशोधन, फेरी, इंधन भरणे आणि देखभाल यांपलीकडे वापरू नये. नियम चांगला आहे. पण पहिली नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि वारशाचा मान पन्नासाव्या वर्षी मिळतो. मधली पस्तीस वर्षे गाडीने काय करावे? दर पाच वर्षांनी तपासणी, मुदत उलटली तर दरमहा ५०० रुपये विलंबशुल्क, आणि वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणासाठी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. चालू गाडीला हे कदाचित परवडेल. बंद गाडीला नाही. १९८५ सालची गाडी २०३५ साली ऐतिहासिक ठरेल, पण तोवर ती तराजूवर चढलेली असेल. जुन्या वाहनांच्या संस्थांचा जागतिक महासंघ तीस वर्षांची मर्यादा मानतो. जर्मनीत १९९७ पासून जतन केलेल्या तीस वर्षांवरील गाडीच्या क्रमांकाला ‘एच’ हे अक्षर जोडले जाते. आपल्या टंचाईच्या काळातील गाड्या नेमक्या या तीस ते पन्नास वयाच्या आहेत.

ज्या तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या घर सोडून जातात, तेथे जुन्या मोटारींची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सरकारी तिजोरीतून या छंदाला पैसा द्यावा असे म्हणणे येथे नाहीच. म्हणणे एवढेच की, जो स्वतःचे पैसे घालू इच्छितो त्याची वाट नियमांनी अडवू नये. तो पैसा जातो कोठे? नव्या गाडीचा पैसा दूरच्या कारखान्याकडे जातो. जुन्या गाडीचा बराचसा पैसा पत्रेकाम करणाऱ्या, इंजिन बांधणाऱ्या, गाद्या शिवणाऱ्या गावातल्या हातांना मिळतो. धुराचा आक्षेपही खरा आहे. म्हणूनच वर्षात थोडकेच अंतर चालणाऱ्या गाडीला सवलत आणि रोज रस्त्यावर येणाऱ्या गाडीला तपासणी, असा भेद करणे योग्य ठरेल.

उपाय अवघड नाहीत. पन्नासची मर्यादा तीसवर आणावी. दुरुस्तीसाठी घेतलेल्या बंद गाडीची कार्यालयाने जागेवर येऊन क्रमांकासह खातरजमा करावी, वारसांच्या संमतीने ती नव्या मालकाच्या नावे करावी आणि तपासणीसाठी तीन वर्षांची मुदत द्यावी. तोवर ती रस्त्यावर येणार नाही अशी हमी घ्यावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी वृद्ध मिस्त्रींना आठवड्यातून एक दिवस सन्मानाने बोलवावे. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही.

नगरला लष्कराने १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय जतन केले आहे आणि शाळांच्या सहली ते आवर्जून पाहतात. युद्धाची साधने जपणाऱ्या जिल्ह्याने शांततेच्या काळातली आपली वाहनेही जपावीत, ही अपेक्षा फार मोठी नाही. गाड्या आणखी काही वर्षे कोठे ना कोठे मिळतील. ‘ही होईल’ असे नुसते पाहून सांगणारे मिस्त्री मात्र सत्तरी ओलांडून गेले आहेत, आणि त्यांच्या हाताखाली आज एकही मुलगा नाही. नियम बदलायला पुढची पाच वर्षे गेली तर गाडी कदाचित उरेल. ती पारखणारा उरणार नाही.