'सत्तर'चं शून्य!

दोस्तांनो, वर्गाच्या गुणांचा तक्ता संगणकात ठेवायचाय? त्यासाठी 'एसक्यूलाइट' आहे. रिचर्ड हिप यांची २००० सालची ही आज्ञावली घरातल्या स्मार्टफोनमध्येही असते. पण स्वभावानं भारी भिडस्त, बरं का! 'गुण' रकान्यात फक्त पूर्णांक, असं बजावलं तरी कुणी अक्षरी 'सत्तर' लिहिलं, की ते मुकाट्यानं ठेवून घेते आणि बेरजेत त्याचं शून्य धरते! बिचाऱ्याचे गुण गेले नि कुणाला पत्ताही नाही.

म्हणून तक्ता आखतानाच शेवटी 'स्ट्रिक्ट' लिहा. ही सोय २०२१ मध्ये आली. मग 'सत्तर' दारातच अडतो. ७०० मात्र खुशाल आत येतो. तोही पूर्णांकच ना! त्याला अडवायला 'चेक' ही अट वेगळी घालावी लागते: गुण ० ते १००.