बेवारस कोण म्हणतं?

फेतियेतल्या कुत्र्याचा विषय निघाला की एकच प्रश्न येतो. "एवढा जीव लागला होता, तर घेऊन का नाही आलीस?" पुण्यातली मावशी विचारते, लंडनमधली मैत्रीणही विचारते. प्रश्न मायेचाच आहे, तरी मला त्याचा राग येतो. कुत्र्यावरचं प्रेम शेवटी मालकीतच जाऊन पोचायला हवं आणि ज्याला मालक नाही तो बेवारस, असं त्यात धरूनच चाललेलं असतं.

फेतिये हे तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं गाव. माझं काम लॅपटॉपवर होणारं, त्यामुळे मी तिथं दोन हिवाळे काढले. हिवाळे मुद्दाम म्हणते. उन्हाळ्यात चालीशच्या किनाऱ्यावर ब्रिटिश पर्यटकांची गर्दी असते आणि टेबलाखालच्या प्रत्येक कुत्र्याला कबाबचा तुकडा मिळतो. ऑक्टोबर सरला की हॉटेलांच्या खुर्च्या एकावर एक चढतात. कुत्री मात्र सवयीनं तिथंच येऊन बसतात. गोव्यात जूनमध्ये शॅक उतरवल्यावर किनाऱ्यावर हेच दिसतं. हंगामी प्रेमाचा हिशेब हंगाम संपल्यावरच कळतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती आणि तिच्या पायरीवर एक मोठा, पिवळट कुत्रा. बेकरीवाला त्याला पाशा म्हणे, न्हावी 'ओउलुम', म्हणजे 'लेका'. औषधाच्या दुकानातल्या बाईंचं तिसरंच नाव होतं. मी त्याला बाळ्या म्हणायचे आणि तो त्यालाही यायचा. संध्याकाळी समुद्राकडे माझ्याबरोबर निघायचा, पण एका ठरावीक वळणापर्यंतच. पुढे दुसऱ्यांचा इलाखा. तिथं थांबायचा आणि मागं फिरायचा. दोन दिवस दिसला नाही म्हणून एकदा विचारलं, तर बेकरीवाला म्हणाला, "आब्ला, पंजाला लागलंय. औषधवाल्या बाईंनी मागच्या खोलीत ठेवलाय." आब्ला म्हणजे ताई. तीन दुकानांच्या मध्ये एक कुत्रा नीट जगत होता. मी नंतर त्यात सामील झाले, इतकंच.

आणि त्याच्या कानात प्लास्टिकचा बिल्ला होता. नगरपालिकेनं पकडून नेलं, नसबंदी केली, रेबीजची लस टोचली आणि परत आणून सोडलं, याची ती खूण. 2004 च्या प्राणिसंरक्षण कायद्यात तसं स्पष्ट होतं: जिथून उचललं तिथंच परत. मी त्याच्या मानेत हात घालून बसू शकले ती या बिल्ल्याच्या जोरावर. आपल्या प्राणिप्रेमी लेखनात सगळं कुत्र्याच्या डोळ्यांत असतं. डोळ्यांबद्दल तक्रार नाही, पण आधी कान बघावा.

30 जुलै 2024 ला तुर्कस्तानच्या संसदेनं हे 'परत'च काढून टाकलं. आता नगरपालिकांनी रस्त्यावरची कुत्री उचलायची आणि कुणी दत्तक घेईपर्यंत निवाऱ्यात ठेवायची. आक्रमक किंवा असाध्य रोग असलेल्यांना मारायची मुभा. हे काम न करणाऱ्या महापौराला सहा महिने ते दोन वर्षं कैद. सरकारचाच अंदाज होता की देशात सुमारे 40 लाख भटकी कुत्री आहेत, आणि निवाऱ्यांची क्षमता होती 1 लाख 5 हजार. निवारे वाढवायला 2028 पर्यंत मुदत दिली आहे. ही वजाबाकी ज्याला करता येते त्याला विरोधकांनी या कायद्याला 'कत्तलीचा कायदा' का म्हटलं ते वेगळं सांगायला नको. शिवाय त्या देशाला हे नवं नाही. 1910 मध्ये इस्तंबूलच्या हजारो कुत्र्यांना मार्मारा समुद्रातल्या ओसाड सिव्रीआदा बेटावर नेऊन सोडलं होतं. तिथं ती उपाशी, तहानलेली मेली. मारायचं नव्हतं, फक्त नजरेआड करायचं होतं.

या कायद्यामागचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. मुलांवर हल्ले झाले, मुलं मेलीही. ज्या बापानं हे भोगलं त्याला माझ्या बाळ्याच्या गोष्टी सांगणं हा निर्लज्जपणा ठरेल. पण 2004 चा कायदा नीट राबवला गेला नाही, अनेक नगरपालिकांनी नसबंदीवर पुरेसा पैसा आणि माणूसबळ लावलंच नाही, त्याची शिक्षा बिल्ला असलेल्या कुत्र्याला का?

आता दुसरी बाजू, जी स्वतःला पहिलीच्या अगदी उलट समजते. आमच्या शेजारी एक ब्रिटिश बाई राहायच्या. भल्या बाई. त्यांचं आयुष्याचं काम म्हणजे फेतियेतली कुत्री इंग्लंडला धाडणं. मायक्रोचिप, लस, रक्ततपासणी, त्यानंतर तीन महिने थांबणं, मग विमान. "इथं त्याचं कुणी नाही," असं त्या बाळ्याबद्दल माझ्याच तोंडावर, बेकरीसमोर उभ्या राहून म्हणाल्या. आजारी, अपंग कुत्र्याला असं घर मिळालं तर उत्तमच. पण धडधाकट, गल्लीत रुळलेल्या कुत्र्याला दोन हजार मैलांवरच्या बंद घरात नेण्याच्या खर्चात इथल्या किती कुत्र्यांची नसबंदी झाली असती! कायदा म्हणतो पिंजरा, बाई म्हणतात सोफा. बेकरीची पायरी दोघांच्याही हिशेबात नाही.

हा वाद आपल्या दारातही येऊन ठेपला आहे. 11 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवायला सांगितलं. 22 तारखेला तीन न्यायाधीशांच्या पीठानं तो आदेश बदलला: रेबीजची लागण झालेली आणि आक्रमक वगळून बाकीची, नसबंदी आणि लस करून परत जागेवर, खाऊ घालणं फक्त ठरवून दिलेल्या जागी. यावर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर जी जुंपली, तिच्यात दोन्ही बाजूंच्या एकानंही गोव्याचं नाव काढलं नाही. गोवा सरकार आणि मिशन रेबीज यांनी तिथं वर्षानुवर्षं जाळी घेऊन, गल्लोगल्ली फिरून साधारण 70 टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस टोचण्याचं लक्ष्य ठेवलं, शाळांतून मुलांना शिकवलं. 2018 आणि 2019 मध्ये राज्यात रेबीजनं माणूस दगावल्याची नोंद नाही. कुत्री होती तिथंच आहेत. सकाळी पारले-जीचा पुडा फोडून पुण्य पदरात पाडून घेणाऱ्या आपल्या काका-काकूंनी आपल्या नगरपालिकेला विचारावं, यंदा नसबंदी किती झाल्या? शेपटीमागे धावणाऱ्या पिल्लांना बिस्किट घालणं सोपं, त्यांच्या आईला पकडून दवाखान्यात नेणं कटकटीचं. बिस्किटवाल्यांना मी प्राणिमित्र म्हणत नाही.

बाळ्याचं पुढे काय झालं, तेही मावशी विचारते. बेकरीवाल्यानं त्याला कागदोपत्री दत्तक घेतलं, गाडी येऊन उचलून नेऊ नये म्हणून. म्हणजे आता त्याला रीतसर मालक आहे. नव्या कायद्यात पाळीव कुत्र्याला सोडून देण्याचा दंड 2024 मध्ये 60,000 लिरा झाला, म्हणून दिवसा तो बेकरीच्या मागच्या अंगणात दोरीला बांधलेला असतो.