उपग्रहाला जमीन स्थिर दिसली, म्हणजे ती सुरक्षित का?

७ जानेवारी २०२५ च्या सकाळी तिबेटमधल्या डिंगरी भागात मोठा भूकंप झाला. अमेरिकी मोजणीनुसार ७.१ तीव्रतेचा, चिनी मोजणीनुसार ६.८. अधिकृत आकडा १२६ मृत्यूंचा. धक्के नेपाळ आणि बिहारपर्यंत जाणवले. आपल्याकडच्या बहुतेक बातम्यांनी कारण एका ओळीत उरकलं: भारतीय प्लेट युरेशियन प्लेटला धडकते आहे.

चूक नाही, पण अर्धवट आहे. कारण या भूकंपात जमीन दाबली गेली नव्हती. ती पूर्व-पश्चिम ताणली जाऊन फाटली होती आणि फाटीचा एक भाग खाली बसला होता. समोरासमोर टक्कर चालू असताना जमीन आडवी ताणली का जाते?

कणकेचा उंडा पोळपाटावर ठेवून दोन्ही बाजूंनी दाबा. आधी तो वर येतो. एका मर्यादेनंतर मात्र स्वतःच्या वजनानेच बाजूंना पसरायला लागतो. तिबेट सरासरी पाच किलोमीटर उंच आहे आणि खालचं कवच गरम, मऊ आहे. त्यामुळे दक्षिणेला हिमालय दबून वर येतो आणि त्याच्या मागे तिबेट पूर्व-पश्चिम पसरतो.

शाळेच्या पुस्तकातल्या नकाशात दोन प्लेटच्या मध्ये एक ठळक रेघ असते. समुद्राच्या तळाशी ती बऱ्याच अंशी खरी आहे, कारण तिथलं कवच थंड आणि कडक असतं. खंडांच्या आत ही रेघ हजारो किलोमीटर रुंद पट्टा होते. भारत दरवर्षी सुमारे चार सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे घुसतो. त्यातला साधारण निम्मा भाग हिमालयात जिरतो. उरलेला तिबेट, तिएनशान, अगदी मंगोलियापर्यंत अनेक फॉल्टवर (मराठीत भ्रंशांवर) वाटला जातो. १९७५ मध्ये पीटर मोलनार आणि पॉल टापोनिए यांनी लँडसॅट उपग्रहाची चित्रं आणि भूकंपांच्या नोंदी शेजारी ठेवून हे मांडलं. आशियाच्या पोटातल्या लांबच लांब रेघा त्यांनी चित्रांवरूनच ओळखल्या, त्याही अशा भागात जिथे परदेशी शास्त्रज्ञाला तेव्हा पाय ठेवणंही कठीण होतं. उपग्रहाच्या डेटातून भूशास्त्र करण्याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

हे नुसतं कुतूहलाचं प्रकरण नाही. फिलिप इंग्लंड आणि जेम्स जॅक्सन यांनी २०११ मध्ये मागच्या सुमारे १२० वर्षांचा हिशोब काढला होता. हजार किंवा जास्त माणसं मारणारे साधारण १३० भूकंप झाले. त्यातले १०० च्या आसपास खंडांच्या आत झाले आणि त्यांत सुमारे १४ लाख माणसं मेली. समुद्री प्लेटांच्या कडेवरच्या भूकंपांत सुमारे ८ लाख. म्हणजे ज्या रेघा नकाशात ठळक असतात, त्यांच्यापेक्षा न काढलेल्या रेघांनी जास्त माणसं मारली.

आता आपला निसार

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह सुटला. तेव्हापासून 'आता जमिनीची सेंटीमीटरभर हालचालही कळणार' ही वाक्यं सगळीकडे दिसतात. दावा खरा आहे. तो कसा साधतो, ते बघू.

रडार जमिनीवर लहर सोडतं आणि परत आलेली लहर नोंदवतं. नुसतं किती वेळात परत आली एवढंच नाही, तर ती चढावर होती की उतारावर, म्हणजे तिची फेज, हेही नोंदवतं. बारा दिवसांनी उपग्रह पुन्हा त्याच जागी येतो आणि तीच नोंद करतो. दोन नोंदींची प्रत्येक पिक्सेलला वजाबाकी केली की जमीन उपग्रहाकडे सरकली की लांब गेली, ते उरतं. निसारच्या एल बँडची लहर २४ सेंटीमीटरची आहे. जाताना आणि येताना दोनदा अंतर कापलं जातं, म्हणून १२ सेंटीमीटरच्या हालचालीला रंगांचा एक पूर्ण पट्टा मिळतो. पट्टे मोजायचे. युरोपच्या सेंटिनेल-१ ची लहर ५.६ सेंटीमीटरची, ती झाडाच्या पानांवरच अडखळते. लांब लहर पानांतून जमिनीपर्यंत बरीच पोचते. दाट झाडीच्या भागात हा फरक मोठा आहे.

पण या यंत्राला दोन जन्मजात अडचणी आहेत. हे उपग्रह जवळपास उत्तर-दक्षिण फिरतात आणि बाजूला बघतात, त्यामुळे नेमकी उत्तर-दक्षिण हालचाल त्यांना फार कमी दिसते. आणि भारताची टक्कर उत्तर-दक्षिण आहे! तिथे जमिनीवरचे जीपीएस खांबच लागतात. दुसरी अडचण हवेतल्या बाष्पाची. वाफेमुळे लहर उशिरा येते आणि जमीन काही सेंटीमीटर सरकल्याचा भास होतो. एक मुख्य उपाय म्हणजे शेकडो चित्रं एकावर एक रचून सरासरी काढणं. ढग बदलत राहतात, फॉल्ट आपल्या चालीने चालत राहतो.

तरी खरी अडचण वेगळीच आहे. समजा एखाद्या सर्व्हरमध्ये एक बग दहा हजार वर्षांतून एकदा येतो आणि तुमच्याकडे लॉग आहेत तीस वर्षांचे. लॉग स्वच्छ आहेत म्हणून सिस्टीम निर्दोष, असं कोणी रिव्ह्यूमध्ये म्हणालं तर आपण त्याला परत बसवू. भूगर्भाच्या बाबतीत मात्र हेच वाक्य सहज खपून जातं. गणित सोपं आहे. समजा एका भूकंपात फॉल्ट तीन मीटर सरकतो आणि तो ताण वर्षाला ०.३ मिलिमीटरने साठतो. म्हणजे भरायला दहा हजार वर्षं. निसारच्या पाच वर्षांच्या आयुष्यात भर पडणार दीड मिलिमीटरची, तीही कित्येक किलोमीटरवर पसरलेली. बाष्पाच्या गोंधळात ती शोधून दाखवणं जवळपास अशक्य.

जुने लॉग जमिनीतच असतात

म्हणून भूशास्त्रज्ञ अजूनही जेसीबी बोलावतात. फॉल्टने जमिनीला दिलेली ठोकर शोधायची, तिला आडवा काही मीटर खोल चर खणायचा, भिंती तासून गुळगुळीत करायच्या, दोऱ्याने चौकोन आखायचे आणि थरांचं चित्र काढायचं. एक थर मधोमध तुटलेला आहे आणि त्यावरचा थर अखंड आहे, तर भूकंप त्या दोन थरांच्या मधल्या काळात झाला. थरातल्या कोळशाच्या तुकड्याचं वय कार्बन-१४ ने काढता येतं. कोळसा नसेल तर वाळूचा कण शेवटचा सूर्यप्रकाशात कधी होता, ते प्रयोगशाळेत मोजता येतं. नमुना अंधारातच काढावा लागतो, कारण उन्हाचा स्पर्श झाला की कणाचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

चरातला किंवा नदीकाठचा पुरावाही आपोआप बोलत नाही. तिबेटच्या उत्तर कडेला अल्टिन ताग नावाचा लांबलचक फॉल्ट आहे. तो वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर सरकतो, असं एका गटाचं भूशास्त्रीय मोजमाप होतं. जीपीएस म्हणत होतं, साधारण एक सेंटीमीटर. भांडण वर्षानुवर्षं चाललं. गोम भागाकारातल्या खालच्या आकड्यात, म्हणजे वयात होती. फॉल्टने तोडलेला नदीचा काठ खालच्या पायरीच्या वयाचा धरायचा की वरच्या? खालची पायरी तरुण, म्हणून वेग जास्त येतो. वरची धरली की वेग जीपीएसच्या जवळ उतरतो. कोणाचंही यंत्र बिघडलेलं नव्हतं. प्रश्न नदीने तो काठ कोरणं कधी थांबवलं, एवढाच होता. आज बहुतेकांचा कल कमी वेगाकडे आहे.

एवढा तिबेट बघून झाल्यावर किल्लारीचा विचार केला की ही पद्धत किती ताणली जाते ते कळतं. तिथे डोंगर नाही, प्लेटची कड नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, तीव्रता ६.२, सुमारे दहा हजार मृत्यू. तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्यात होता. आदल्या वर्षी तिथे छोटे धक्के जाणवत होते, तरी मोठ्या भूकंपाची अपेक्षा नकाशात नव्हती. भूकंपानंतर शेतात साधारण एक किलोमीटरच्या पट्ट्यात जमीन उचललेली दिसली, तीही मीटरपेक्षा कमी. अशी ठोकर काळ्या मातीत नांगरट आणि पावसाळे मिळून पुसून टाकतात. पुढच्या माणसाने चर खणायचा तरी कुठे?

तिथे मग बोअर घेतले गेले. सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट भेदून खालच्या जुन्या खडकापर्यंत भोक पाडलं. बेसाल्टच्या थरांच्या पातळ्या फॉल्टच्या दोन बाजूंना जुळत नव्हत्या. फरक काही मीटरचा, म्हणजे १९९३ मध्ये वर दिसला त्याच्या कितीतरी पट. हा फॉल्ट आधीही सरकला होता. २००२ च्या नकाशात झोन १ काढूनच टाकला आणि किल्लारीचा परिसर झोन ३ मध्ये गेला.

निसारचा डेटा सगळ्यांना मोफत आहे. त्यामुळे येत्या काळात जिल्ह्याजिल्ह्याचे रंगीत नकाशे मोबाइलवर फिरतील, त्यात हिरवा म्हणजे स्थिर असेल. डिंगरीसारखा भूकंप झाला की कुठली जमीन किती बसली, हे तो नकाशा काही दिवसांत दाखवेल. उपसा झालेल्या शहरांची जमीन खचतेय का, तेही दाखवेल. या दोन्ही कामांत तो तरबेज आहे. पण लातूरचा असा नकाशा १९९३ च्या ऑगस्टमध्ये काढता आला असता, तर बहुधा तोही हिरवाच आला असता.