राजापूरला जाल तर एक रात्र वाडीत राहा



राजापूरची गंगा आली अशी बातमी लागली की आपल्याकडूनही जीपा निघतात. उन्हाळे गावच्या कुंडांवर आंघोळ, गरम पाण्याचा झरा, धूतपापेश्वराचे दर्शन, की गाडी लगेच गणपतीपुळ्याकडे. झाले कोकण पाहून! देव पाहिला, शेतकरी पाहिला काय?

उन्हाळ्यात गेलात तर एक मुक्काम तालुक्यातल्या एखाद्या वाडीत करा. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सातशे-आठशेवर कापूस काढणाऱ्या आपल्याला वाटते, हे लोक सुखी. पण मे महिन्यात त्याच वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन चढ चढताना दिसतील. जांभा दगड पाणी धरीत नाही आणि आखूड नद्या ते बघता बघता समुद्रात नेऊन टाकतात. पाऊस कमी म्हणून शेतकरी गरीब, हे पुढाऱ्यांचे जुने पालुपद. ते खरे असते तर कोकणी माणूस गिरणीत राबायला मुंबईला का गेला असता? पिढ्यान्‌पिढ्या इथली घरे चालली ती मनिऑर्डरवर.

भाताच्या रोपासाठी राब कसा भाजतात ते पाहा. भाताचे कुणगे एवढेसे, की बैल वळवायला जागा पुरत नाही; सातबारावर मात्र नावांची ही रांग! हापूसच्या बागवाल्याजवळ बसा. फवारणीचा खर्च त्याचा, मोहोर गळाला तर नुकसान त्याचे, आणि भाव वाशीच्या बाजारात दुसराच ठरवणार. कापूसवाल्याला हे फोड करून सांगायला नको.

कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, तोही पाहून घ्या. अशीच चित्रे बारसूच्या सड्यावर आहेत. तिथे २०२३ साली रिफायनरीसाठी माती तपासायला यंत्रे आली, तेव्हा गावकऱ्यांनी भर उन्हात वाट अडवली होती. आपले मत काहीही असो, त्यांचे त्यांच्या अंगणात बसून ऐका.

आणि जेवणाचे पैसे द्या. सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण केले, पण पुष्कळ घरे अजून पाहुण्याकडे पैसे मागायला लाजतात. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, रात्रीचे अंथरूण, हे सगळे त्या घरातल्या बाईचे श्रम आहेत. घामाचे दाम मागणारे आपण, तिच्या चुलीवर फुकट जेवून कसे चालेल? पैसे तिच्याच हातात द्या.

जाताना पिशवीत चार किलो ज्वारी असू द्या. त्या पावसात ती पिकत नाही.